शून्य नंबरचं पेन

१

खिडकी हरवली, असं भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मावशी आधी हसली. माणसं चष्मा हरवतात, किल्ल्या हरवतात, फार तर अक्कल हरवतात. खिडकी हरवल्याचं तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण त्याचा आवाज हसण्यासारखा नव्हता. म्हणून तिनं भिंग पर्समध्ये टाकलं, सकाळची पहिली बस धरली, आणि आता ती बहिणीच्या अर्धवट बांधलेल्या नव्या घरात उभी होती.

खोलीला अजून दार बसलं नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास होता, छताच्या फटीतून उन्हाची एक तिरीप उतरली होती आणि तिच्यात धूळ अगदी सावकाश फिरत होती. समोर सलग भिंत.

"इथे," भाच्यानं भिंतीवर तळहात ठेवला, "इथे खिडकी हवी होती."

भाचा घरांचे नकाशे करायचा. ऑफिसात त्याला सगळे साहेब म्हणत. मावशीसाठी तो बहिणीचा धाकटा मुलगा, म्हणून धाकट्या. जुनं दुमजली घर समोरच होतं, खाली ऑफिस, वर राहणं. त्याच्या वरच्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. त्याच वळणावरून थोरला मुलगा बापाशी भांडून, पिशवी खांद्याला लावून निघून गेला होता. त्यालाही आता जमाना झाला. ना पत्र, ना फोन. मावशीची ताई मात्र रोज संध्याकाळी त्या खिडकीशी बसायची.

"आईला आता जिने होत नाहीत. म्हणून हे बैठं घर," धाकटा म्हणाला. "पण वळण दिसायला हवं, म्हणून मी तिची खोली तिरकी फिरवली. मावशी, हे सगळं घर त्या एका खिडकीसाठी बांधलंय गं."

"आणि मिस्त्री विसरला?"

"मिस्त्री म्हणतो, कागदावर हत्ती असता तर हत्ती बांधला असता. कागदावर भिंत होती, भिंत बांधली. ते खरंय. त्याला दिलेल्या कागदावर खिडकीच नाही. कॉम्प्युटरवर उघडून पाहावं तर आहे."

पडद्यावर आहे आणि कागदावर नाही. मधल्या मधे काहीतरी झालं होतं, आणि मधे एकच माणूस होता.

"आप्पा," धाकटा खाली बघत म्हणाला. "ऑफिसातले नकाशे कागदावर उतरवतो, बाबांच्या वेळेपासूनचा आहे. पण ज्याच्या हातून आज आईची खिडकी गेली, त्याच्या हातून उद्या कुणाचा जिना जाईल. संध्याकाळी त्याला निरोप देतोय. आईला यातलं काही सांगू नकोस."

मावशीनं आयुष्यभर भांडणातले कागद तपासले होते. ही सही खरी, ही खोटी, हा आकडा मागाहून घातलेला. कागद खोटं बोलत नाही, बोलायला लावणारा बोलतो, एवढं ती त्यातून शिकली होती.

"संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस," ती म्हणाली. "आधी मला त्या कागदाशी बोलू दे."

२

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताई बसली होती. उतरताना दम खायला बसायची ती तिची ठरलेली जागा. 

"माझी खोली पाहिलीस?" ताईनं विचारलं. "भिंत काय गार आहे ना? काल पाठ टेकून बसले, तर डोळाच लागला."

"आणि आता निघालीस कुठे?"

"खाली. पत्ते खेळायला. या वयात दुसरा काय धंदा?" ताई हसली. लग्नाआधी ती याच ऑफिसात ट्रेसिंग करायची. पारदर्शक कागदावर शाईनं रेघा ओढता ओढता तेव्हाच्या साहेबांशी, म्हणजे धाकट्याच्या बापाशी, तिचं जमलं, असं सगळं घर चेष्टेनं म्हणायचं. आता हात थरथरायचा, म्हणून पेन सुटलं होतं. कॉम्प्युटरवरचे पत्ते मात्र सुटले नव्हते.

नकाशे काढणारं यंत्र, प्लॉटर, मागच्या काचेच्या खोलीत होतं. लांबलचक टेबल, त्यावर सरकणारा एक धातूचा हात, कडेला पेनांचा फिरता डबा. बाहेरच्या जगानं असली यंत्रं कधीच भंगारात काढली होती. जुन्या साहेबांचा त्यावर जीव, म्हणून हे राहिलं, आणि त्याच्यासोबत आप्पा राहिला. किडकिडीत माणूस, अंगठ्याला शाई, आणि आज डोळे लाल.

"मला सगळं कळलंय, मावशी," तो म्हणाला. "साहेब बोलले नाहीत अजून, पण सकाळपासून माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. मला हे एकच यंत्र येतं हो. दुसरीकडे कोण उभं करणार मला?"

"बस आधी. आणि मला शिकव. चित्र कागदावर येतं कसं?"

शिकवायचं म्हटल्यावर आप्पाचा चेहरा जरा सुटला. "कॉम्प्युटरला चित्र कळतं, याला कळत नाही. याला फक्त हुकूम कळतात. अमुक पेन घे, इथे जा, टेकव, तिथवर ओढ, उचल. चित्राचे असे हुकूम बनवायचे, त्याला आम्ही उतरवणं म्हणतो. भिंत काय नि खिडकी काय, याला सगळ्या रेघाच."

"मग उतरवताना खिडकी गळली?"

"गळेल कशी? मी काही एकेक रेघ निवडत बसत नाही. टोपलीतली फाइल घ्यायची, उतरवायची, टोपली रिकामी करायची." टोपली म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक कप्पा. ज्याला छापून हवं, तो आपली फाइल तिच्यात टाकायचा.

"ती फाइल टोपलीत टाकली कुणी?"

"टोपलीला तोंड असतं मावशी, पण ती बोलत नाही." तो स्वतःच्याच विनोदावर अर्धवट हसला. मग हळूच म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी यानं मधेच पेन डब्यात ठेवून दिलं. आणि रिकाम्या हातानं कागदावर फिरला. बराच वेळ."

"कुठे फिरला?"

आप्पानं टेबलावरचा कागद उलगडला आणि ताईच्या खोलीच्या सलग भिंतीवर बोट ठेवलं.

३

"त्याला आकाशी म्हणतात," आप्पा म्हणाला.

ही त्या ऑफिसची जुनी रीत होती. हातानं काढायच्या काळात जुने साहेब न ठरलेल्या गोष्टी फिकट आकाशी पेन्सिलीनं काढायचे. नकला काढणाऱ्या कॅमेऱ्याला तो रंग दिसायचा नाही. घरमालक म्हणाला, बघू, अंगणात कारंजं करावं का. की साहेब कारंजं आकाशीत काढून ठेवायचे. मूळ कागदावर कारंजं, नकलेत मोकळं अंगण. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी तीच रीत यंत्राला शिकवली. काळ्या रेघेला पहिलं पेन, लालला दुसरं, आणि आकाशीला शून्य नंबरचं. शून्य नंबरचं पेन म्हणजे पेनच नाही. यंत्र हातातलं पेन ठेवून द्यायचं आणि आकाशी रेघ रिकाम्या हातानं ओढायचं.

मावशी टेबलाशी बसून राहिली. नकाशा समोर आला की त्यात शिरून चालायची तिला खोड होती; डोळे अर्धवट मिटायचे, आणि दारातून आत. आत्ता तिला वाटलं, इतक्या वर्षांत या हातानं किती कारंजी, किती झोपाळे, गच्चीवरच्या किती खोल्या कागदाच्या केसभर वर, हवेत काढल्या असतील. कोणी राहायला गेलं नाही अशी घरं. मन असं भरून आलं, की ती क्षणभर कशासाठी आली हेच विसरली.

"आप्पा, उतरवलेले हुकूम तुझ्याकडे असतील ना?"

होते. टोपली रिकामी झाली तरी उतरवलेली फाइल आप्पा जपून ठेवायचा. त्यानं ती उघडली. पडद्यावर आकड्यांच्या ओळीच ओळी. तो पुटपुटत खाली खाली गेला आणि थांबला. पेन शून्य. आणि त्याखाली चौकट, चौकटीत मधोमध रेघ, दोन पल्ले. खिडकी होती. यंत्रानं ती इमानेइतबारे काढली होती, फक्त शाईशिवाय.

"म्हणजे खिडकी कुणी पुसलीच नाही," मावशी म्हणाली. "कुणीतरी ती आकाशी केली."

"कुणीतरी कशाला?" दारात धाकटा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मूळ चित्रात खिडकी काळीच आहे. उतरवताना रेघेचं पेन बदलता येतं, आणि उतरवतो एकटा आप्पा. झालं की सिद्ध!"

आप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मावशीला भाच्याचा राग आला, आणि रागावली की तिचं डोकं नेहमीच जास्त चालायचं.

"धाकट्या, भिंतीतून खिडकी काढून घेतली तर तिथे काय उरतं?"

"भोक."

"मग या कागदावर भोक कुठाय? इथे तर भिंत सलग आहे." तिनं कागदावर बोट आपटलं. "आप्पा रेघ लपवू शकतो, मान्य. पण ही भिंत काढली कुणी?"

४

आप्पाला चित्र काढता येत नव्हतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. चित्र काढायची गुणगुणी.

ती तरुण मुलगी कामात असली की सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून हे नाव. मावशी शेजारी बसली तसं तिचं गुणगुणणं थांबलं.

"हो, मीच म्हटलं होतं," ती स्वतःहूनच सांगू लागली. "त्या खिडकीनं घराची दर्शनी बाजू बिघडते. साहेबांशी वादही घातला. ती गेली तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी नाही काढली. आजींची खिडकी होती ती."

"आकाशीचं तुला माहीत आहे?"

"आजींनीच शिकवलं. म्हणाल्या, नाही म्हणवत नसेल तिथे आकाशीत काढावं."

मावशीनं मान हलवली. मग म्हणाली, "मला एक भिंत काढून दे. मधे भोक ठेव, आणि मग ते बुजव."

गुणगुणीनं हसून माउस हलवला. भिंतीच्या तुटक्या टोकाजवळ बाण गेला की टोकावर एक छोटा चौकोन आपोआप उजळायचा. कॉम्प्युटर टोक स्वतःच पकडायचा. टक्, टक्. भोक बुजलं. आप्पानं ते लगेच उतरवून कागदावर काढलं आणि मावशीनं त्यावर भिंग धरलं. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडेना.

मग तिनं मिस्त्रीला दिलेला कागद भिंगाखाली घेतला. भिंतीवरून नजर सावकाश नेली. एका जागी रेघ किंचित गडद होती. पुढे, खिडकीची रुंदी संपते तिथे, पुन्हा तसंच. बुजवणारी रेघ जुन्या रेघेच्या टोकाला थांबली नव्हती, थोडी तिच्या अंगावर चढली होती. तेवढ्या भागावरून पेन दोनदा फिरलं होतं.

"ईऽ, असं कोण काढतं?" गुणगुणी म्हणाली. "यासाठी तर टोकाची पकड मुद्दाम बंद करावी लागते."

मावशी भिंगावर आणखी वाकली. भिंगात ती गडद शाई मोठी मोठी होत गेली, आणि तिला एकदम एक जुनी खोली दिसली. लहानगी ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसलेली, आणि कुणीतरी तिला रेघ ओढायला शिकवत होतं. रेघ नेमकी टोकाला थांबवायची नाही हं. कागद आकसतो, सांधा उघडा पडतो. रेघेनं रेघेचा हात धरला पाहिजे.

"तू जेवायला जातेस तेव्हा तुझ्या मशीनवर कोण बसतं?" तिनं विचारलं, आणि उत्तर येऊ नये असं तिला मनापासून वाटलं.

"कुणी नाही हो," गुणगुणी म्हणाली. "फक्त आजी. पत्ते खेळतात."

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मावशी नव्या घराकडे निघाली. आपलेच दात, आपलेच ओठ. चावा कुणाचा घ्यायचा?

ताई त्या खोलीतच होती. विटांच्या ढिगावर पोतं टाकून, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. दुपार कलली होती. उन्हाची तिरीप सरकून आता तिच्या पायांपाशी आली होती.

"तू त्या दुपारी पत्ते खेळत नव्हतीस," मावशी म्हणाली.

ताईनं डोळे उघडले नाहीत. "कशावरून कळलं?"

"तुझ्या रेघा अजून हात धरतात एकमेकींचा."

ताई हसली, आणि मग तिच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. "मेली सवय. यंत्रानंसुद्धा लपवली नाही."

मावशी शेजारी बसली. भिंत खरंच गार होती. "मूळ चित्राची नक्कल केलीस, नकलेत खिडकी आकाशी केलीस, भिंत जोडलीस, आणि नक्कल टोपलीत टाकलीस. मूळ तसंच ठेवलंस. आप्पानं टोपली रिकामी केली, मग माग संपला. ते सगळं कळलं मला. का केलंस तेवढं कळलं नाही."

"पुसता येत होती खिडकी. पुसवली नाही गं. त्यानं किती प्रेमानं काढली होती. म्हणून आकाशी केली."

"पण का?"

ताईनं पदरानं डोळे पुसले. बाहेर कुठेतरी कुणीतरी खिळा ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं.

"सगळ्यांना वाटतं, मला त्या खिडकीत बसायला आवडतं," ती म्हणाली. "आवडत नाही. एकदा बसले, दुसऱ्या दिवशी बसले, मग उठताच येईना. एखाद्या संध्याकाळी नाही बसले आणि नेमका त्याच संध्याकाळी तो आला तर? वळणावर माणूस दिसला की छाती धडधडते. जवळ आला की दुसराच कोणी. रोज गं. रोज मुलगा जातो माझा. नवं घर म्हटल्यावर वाटलं, सुटले. आणि धाकट्यानं मोठ्या कौतुकानं नकाशा आणून दाखवला. आई, बघ, वळण दिसेल. त्याचं तोंड बघून मला नाही म्हणता आलं नाही."

मावशीनं तिचा थरथरता हात धरला. तिलाही रडू येत होतं, पण अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि तीच सगळ्यात कठीण होती.

"मला वाटलं, यंत्राच्या माथी जाईल," ताई पुढे म्हणाली. "यंत्राला कोण शिक्षा करतंय?"

"यंत्राला नाही, ताई. आप्पाला. धाकटा आज त्याला काढून टाकतोय."

ताईचे डोळे खाडकन उघडले. गुडघे विसरून ती उभी राहिली.

६

ऑफिसात धाकटा आप्पासमोर उभा होता आणि शब्द जुळवत होता. आप्पानं पेनांचा डबा स्वच्छ पुसून टेबलावर ठेवला होता. बाकी त्याच्याकडे परत द्यायला काहीच नव्हतं.

"थांब," ताई दारातून म्हणाली. धापा टाकत ती आत आली आणि आधी मुलाकडे नाही, आप्पाकडे गेली. "आप्पा, मी चुकले. खिडकी मी लपवली. तुमच्यावर येईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. यायला हवं होतं."

"वहिनी, तुम्ही?" आप्पा एवढंच म्हणाला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं तिला बसायला आपली खुर्ची पुढे केली.

तिनं मुलाला सगळं सांगितलं. धाकटा ऐकत राहिला. आधी त्याचा चेहरा आक्रसला, मग लहान मुलासारखा उघडा पडला.

"मला एकदा सांगायचंस ना, आई."

"तू विचारलंस कुठे? तू थेट काढूनच आणलीस." ती मायेनंच म्हणाली, पण ते त्याला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

तो आप्पाकडे वळला. "आप्पा, माफ करा. मी तुम्हालाही विचारलं नाही." आप्पानं मान हलवली आणि पेनांचा डबा उचलून पुन्हा यंत्राला बसवला. त्याचा हात लागेपर्यंत तो डबा किती परका दिसत होता, हे मावशीला आत्ता जाणवलं.

"मग भिंत राहू दे?" धाकट्यानं विचारलं.

"ती राहू दे. पण खोलीला उजेड हवाच. मागच्या बाजूला काढ एक, शाळेच्या मैदानाकडे. पोरं पडतात, रडतात, उठून पुन्हा पळतात. घंटा झाली की सगळी बाहेर येतातच. तिथे बघत बसायला बरं वाटेल."

गुणगुणीनं न सांगता आपली जागा रिकामी केली आणि टोकाची पकडही बंद करून दिली. ताई बसली. माउसवर तिचा हात थरथरत नव्हता. मागच्या भिंतीत तिनं एक रुंद खिडकी काढली.

धाकटा तिच्या मागे उभा होता. त्याला विचारायचं होतं, विचारवत नव्हतं. शेवटी म्हणालाच. "आई, आणि दादा आला तर? तुला दिसणार नाही."

"दार आहे की," ताई म्हणाली. "यायचं असेल तो दारानं येईल. खिडकी नुसती वाट बघायला लागते."

 धाकटा पडद्यावरच्या खिडकीकडे बघत म्हणाला, "सध्या आकाशीत ठेव. उद्या नीट विचार करून ठरवू."

"ठरलंय," ताईनं सांगितलं आणि खिडकीला काळा रंग दिला.

आप्पानं फाइल उतरवली. काचेपलीकडे यंत्राचा हात हलला, पेनांच्या डब्याशी गेला, पहिलं पेन घेतलं आणि कागदावर टेकवलं.